अलिबागचा रस्ता मला पाठ होता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबावं लागणार नाही. ही फजिती माझी एकट्याची आहे, दुसऱ्या कुणाचा तीत काडीचा दोष नाही. आणि ती सांगताना माझे कान अजूनही गरम होतात. हात लावून बघा हवं तर.

तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा असेन. सातवीनंतर शाळा सुटली आणि मी कुंभिवलीला हायवेच्या कडेला एका गॅरेजात लागलो. आधी पाने-पकडी हातात देणं, मग गाड्या इकडच्या तिकडे लावणं, असं करत करत चालवायला शिकलो. त्याच वर्षी पक्कं लायसन मिळालं होतं. गाडी मला चांगली येत होती हो. बोलणं येत नव्हतं. अनोळखी माणूस समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटायची.

कर्जतच्या दामूशेठची भाताची गिरणी होती, आणि एक जुनी जीप. ती दुरुस्तीला आमच्याकडेच यायची. त्यांचा जुना ड्रायव्हर डोळ्यांमुळे घरी बसला होता. एक दिवस शेठ गॅरेजात आले, मी जीपखालून बाहेर यायची वाट बघत उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या पोराचा, वसंताचा साखरपुडा ठरलाय. मुलगी अलिबागच्या पुढे नागावची. येत्या रविवारी एका दिवसात जाऊन परत यायचं. त्या दिवशी जीप मी न्यायची. दिवस नीट पार पडला, तर गिरणीवर कायमची ड्रायव्हरची नोकरी. नाही पडला, तर त्यांच्या बायकोचा नेरळचा भाचा तयारच बसला होता.

जाता जाता त्यांनी विचारलं, “अलिबागचा रस्ता ठावा हाय ना रं?”

“पाठ हाय,” मी म्हणालो.

आता हे मी का म्हणालो असेन? मी खोपोलीच्या पुढे कधी गेलोच नव्हतो. समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. पण बुजऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं फार महाग पडतं. ‘नाही’ म्हटलं की समोरचा विचारतो का नाही, मग काय करणार, मग कसं करणार. ‘हो’ म्हटलं की तो निघून जातो. शेठ निघून गेले.

त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. गॅरेजात येणाऱ्या ट्रकवाल्यांना मी आडून आडून विचारून पाहिलं. एक म्हणाला सरळच जायचं, चुकायला जागाच नाही. दुसरा म्हणाला पेणला कुणालाही विचार. पण विचारणं हेच तर मला जमत नव्हतं. विचारता आलं असतं तर शेठनाच नसतं का सांगितलं?

शेवटी मी एक बेत केला. मला तो तेव्हा फारच हुशारीचा वाटला होता. गुरुवारी दाढ दुखते म्हणून गॅरेजात सांगितलं, कर्जतहून अलिबागची पहिली एसटी पकडली आणि ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर बसलो. हातात शंभर पानी वही आणि पेन्सिल. ठरवलं की ड्रायव्हर जे जे करेल ते ते लिहून घ्यायचं. त्यात चूक होणारच नाही. तो रोज जातो म्हटल्यावर?

आता माझं अक्षर बरं आहे, पण हात सावकाश. एक वळण लिहून होतंय तोवर पुढचं वळण यायचं. त्यामुळे माझी मान सारखी खाली. ड्रायव्हरचे हात दिसत होते, वही दिसत होती, रस्ता असा काही दिसलाच नाही. पण वही मात्र झाली. ‘चौक. हायवे. डावीकडे.’ ‘खोपोली. डावीकडे आत. गोल. मागे घेणे. थांबणे. बाहेर.’ ‘हॉटेल. दहा मिनिटे थांबणे.’ ‘उजवीकडे आत, कच्चा रस्ता. पाराला वळसा. थांबणे. परत बाहेर.’ अशी अकरा पानं भरली. अलिबागला उतरलो तर परतीची गाडी लागलेलीच होती. समुद्र राहिलाच. येताना इतकं निवांत वाटलं की खोपोलीपर्यंत झोपलो.

रविवार उजाडला. जीप धुऊन, बॉनेटवर झेंडूची माळ घालून मी सातला शेठच्या दारात हजर. पुढे माझ्याशेजारी शेठ बसले. मागे काकी, म्हणजे शेठची बायको, मांडीवर ओटीचं सामान आणि साखरेचा पुडा घेऊन. त्यांच्याशेजारी आत्या, म्हणजे शेठची थोरली बहीण. समोर वसंत, नव्या सफारीची इस्त्री मोडू नये म्हणून काठीसारखा ताठ.

शेठनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं की मुहूर्त पावणेबाराचा आहे. मुलीकडची माणसं मानपानाची आहेत, उशीर झालेला त्यांना खपायचा नाही. वही मी उजव्या मांडीखाली दाबून ठेवली होती. कडेनं जेमतेम एक ओळ दिसत होती.

गाडी सुरू झाली आणि मागून आत्यांनी पहिला प्रश्न टाकला.

“पळसदरीवरनं खोपोली जवळ नाय का रं?”

जवळच होती. कर्जतमधल्या कुठल्याही माणसाला ठाऊक होतं, मलाही होतं. पण माझी वही चौकावरून निघत होती. पळसदरीवरून गेलो तर पहिलं पान वाया, आणि मग दुसरं पान नेमकं कुठे चालू करायचं?

“त्यो रस्ता लई खराब झालाय,” मी म्हणालो.

शेठनी मान डोलावली. पोरगा माहीतगार दिसतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

चौक झालं, हायवे झाला, खोपोली आली. वहीत होतं त्याप्रमाणे मी डावीकडे आत घेतली, गोल फिरवली, मागे घेतली आणि थांबवली. मग मान वर केली. समोर लाल गाड्यांची रांग. उजवीकडे एक लाल गाडी, डावीकडे एक लाल गाडी आणि मधे आमची झेंडूची माळ घातलेली जीप, अगदी सरळ रेषेत. मी जीप एसटी स्टँडात लावली होती.

एक खाकीतला माणूस शिट्टी वाजवत पळत येत होता.

शेठ माझ्याकडे बघत म्हणाले, “हितं का आणलीस?”

काय सांगणार? माझं तोंड उघडलं, पण आवाज आला तो मागून. आत्या म्हणाल्या, “बरं केलंस रं बाबा. मी कवापासनं सांगायचं म्हनत हुते.” आणि त्या उतरून बायकांच्या मुतारीकडे चालू लागल्या. शेठनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काकींना म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचं न सांगता समजतं बघ याला.

खरं तर तिथेच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण चुकीबद्दल शाबासकी मिळाली की माणूस ती परत करतो का? मीही खिशात घातली.

आत्या येईपर्यंत मला घाम फुटला होता. कारण आता वहीचा घोटाळा माझ्या लक्षात आला. तिच्यात जिथे जिथे ‘आत, गोल’ होतं तिथे तिथे स्टँड असणार. मग ते सगळे गाळून टाकायचे का? पण काही ‘आत’ खरोखरची वळणं असली तर? स्टँड कुठला आणि रस्ता कुठला हे वहीवरून कळत नव्हतं, कारण लिहिताना माझी मान खाली होती. एखादं खरं वळण गाळलं आणि गाडी थेट गोव्याच्या वाटेला लागली तर? मी खूप विचार केला आणि ठरवलं की काहीच गाळायचं नाही.

त्यामुळे पेणच्या रस्त्यावर एक हॉटेल आलं, तिथे मी गाडी थांबवली. दहा मिनिटे थांबणे. एसटीचा ड्रायव्हर तिथे चहा प्यायला उतरला होता हे मला आज कळतं. त्या वेळी मला वाटलं, इथे इंजिन थंड करायची पद्धत असेल. गॅरेजातला माणूस दुसरं काय समजणार? मी बॉनेट उघडून उभा राहिलो.

“गरम झाली?” शेठनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. रेडिएटर नेहमीइतकाच तापला होता, वाफेचा पत्ता नव्हता.

आठ मिनिटांनी शेठ म्हणाले आता निघू. मी म्हणालो अजून दोन मिनिटं. ते घड्याळाची चावी पिळत राहिले.

पेणच्या अलीकडे ‘उजवीकडे आत, कच्चा रस्ता’ आला. मी आत घेतली. धुरळा उडाला आणि वसंतच्या सफारीचा रंग बदलला. त्याने हळूच विचारलं की हा शॉर्टकट आहे का. मी ऐकलं नाही असं दाखवलं. दोन मैल आत एक गाव, गावात पार. मी पाराला वळसा घातला आणि थांबलो. कारण वहीत होतं, थांबणे.

थांबलो तर खरा, पण कशासाठी? पारावरची दोन माणसं आमच्याकडे बघत होती. शेठ माझ्याकडे बघत होते. मी समोरच्या काचेकडे बघत होतो. तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई लगबगीनं आल्या, हातात तीन पुडांचा डबा. त्यांनी जीप पाहिली, माळ पाहिली आणि सरळ माझ्यापाशी आल्या.

“पेणला चाललाव ना?”

“हो.”

“देवासारखे आलाव बगा. ह्यांची ड्युटी पेणच्या स्टँडावर हाय. रोजच्या येष्टीनं मी डबा पाठवते, पन रविवारची ती गाडी नसते, आन् मग ह्यांच्या पोटाचे हाल. एवढा द्या त्यांना. कालवण हाय, सरळ धरा.”

आणि डबा माझ्या हातात. गुरुवारी एसटी इथे थांबली होती ती या गावची माणसं घ्यायला, आणि ड्रायव्हरनं बाहेर हात काढून घेतला होता तो हाच डबा. ते मी पाहिलं होतं. मी फक्त ‘थांबणे’ एवढंच लिहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही घाईत आहोत, एवढं सांगायला काय झालं होतं? सांगता येत असतं तर मी त्या पारापाशी असतो का?

शेठचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आपन साखरपुड्याला निगालोय का डबे वाटायला?”

काकी मागून म्हणाल्या, “आवो, अन्न हाय. मंगल कामाला निगताना अन्नाला नाय म्हनू नये.”

डबा वसंतच्या मांडीवर गेला. त्याने तो दोन्ही हातांनी शरीरापासून लांब धरला, आणि खड्डा आला की तो आधी डब्याकडे बघायचा, मग स्वतःच्या पँटकडे. आपल्या साखरपुड्याला निघालेला नवरा मुलगा इतका काळजीत मी पुन्हा कधी पाहिला नाही.

पेणचा स्टँड आला. या वेळी आत शिरायला निदान कारण तरी होतं. जीप लावून मी डबा घेऊन धावलो. त्या बाईंच्या नवऱ्याला शोधायचं म्हणजे विचारणं आलं. एकाने कँटीन दाखवलं, दुसऱ्याने विश्रांतीची खोली. ते गृहस्थ नळापाशी अर्ध्या गालाला साबण लावून दाढी करत होते. त्यांनी डबा घेतला, तिथेच उघडला, भाकऱ्या मोजल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तीनच?”

मी मान खाली घालून परत धावलो. वीस मिनिटं गेली होती.

जीपपाशी येतो तर मागच्या बाकावर वसंतशेजारी एक गृहस्थ बसलेले. पन्नाशीचे, पांढरी टोपी, धुतलेला लेंगा, गुडघ्यांमध्ये छत्री, मांडीवर पिशवी. मला वाटलं शेठचे पाहुणे असतील, इथून घ्यायचे ठरलेले. शेठना वाटलं होतं माझ्या ओळखीचा कुणी असेल. आधी डबा, आता माणूस, म्हणजे हा पोरगा आज सगळी आपलीच कामं उरकतोय. आणि त्या गृहस्थांना वाटलं होतं की ही भाड्याची जीप आहे. स्टँडात उभी, मागे जागा रिकामी. त्यांनी “अलिबाग?” विचारलं, शेठनी रागातच होकाराची मान हलवली, ते चढून बसले.

तिघांपैकी कुणीही कुणाला ‘तुम्ही कोण’ असं विचारलं नाही. शेठ मनात म्हणत होते, याचा निकाल साखरपुडा झाल्यावर लावू. आणि मी तर काय, विचारतच नाही.

“आता कुटं आत घालशील तर बग,” शेठ एवढंच म्हणाले.

म्हणजे आता वहीही गेली. वडखळ आलं, पुढची एसटी उजवीकडे वळली, तिच्यामागे मीही वळलो, वहीतलं ‘आत’ तसंच सोडून. खाडीचा पूल आला. पोयनाडला ‘आत’ होतं, मी दात आवळून सरळ. प्रत्येक ‘आत’ मागे पडला की वाटायचं, झालं, चुकलो. स्टिअरिंगला हातांचा घाम लागून ते निसटत होतं.

आणि मागे आत्यांना बोलायला नवं माणूस मिळालं होतं.

त्यांनी त्या गृहस्थांना सगळं सांगितलं. आपण कुठे चाललोय, मुलगी कशी, घर कसं. मुलगी चांगली आहे म्हणाल्या, बापही सरळ आहे. मग आवाज थोडा खाली आणला, पण आत्यांचा खालचा आवाज म्हणजे काय, मला इंजिनावरून ऐकू येत होता.

“फकस्त मुलीचा मामा त्येवडा वाईट. लई रुसका हाय म्हनं. एका लग्नात पंगतीतून उठून ग्येला हुता.”

“असं?” गृहस्थ म्हणाले.

“तर काय. का, तर पयला वाढलं नाय म्हनून.”

“कुनी सांगितलं तुमाला?”

“सगळ्या रायगडाला ठावं हाय.”

“असं,” गृहस्थ पुन्हा म्हणाले आणि छत्रीची मूठ चोळत बाहेर बघत राहिले. काकींनी आत्यांना कोपरानं ढोसलं. पण आत्या मामाच्या आहेराच्या अपेक्षांवर आल्या होत्या, त्या थांबणार कशा?

अलिबागला पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मला वाटलं, वाचलो. आता शेवटचं पान. मी वहीकडे चोरून बघितलं, डावीकडे आत घेतली, गोल फिरवली, मागे घेतली, थांबवली आणि इंजिन बंद केलं. कारण वहीत होतं, उतरणे.

कुणी उतरलं नाही. पुन्हा सगळीकडे लाल गाड्या. शेठनी माझ्याकडे बघितलं. या वेळी ते ओरडले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“नागाव आलं का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी वहीचं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. एसटी अलिबागपर्यंतच होती, नागावला ती गेलीच नव्हती. हे मला गुरुवारपासून एकदाही सुचलं नव्हतं. तीन मैलांवर की तीस मैलांवर, डावीकडे की उजवीकडे, काही म्हणजे काही माहीत नाही, आणि मुहूर्ताला अर्धा तास.

बोलण्यावाचून आता दुसरा रस्ता उरला नव्हता. मी मांडीखालची वही काढून शेठच्या हातात दिली.

“शेठ, म्होरचा रस्ता मला ठावा नाय,” मी म्हणालो. “मागचापन नव्हता.”

शेठनी वही उघडली. एकेक पान बोट लावून वाचलं. “हॉटेल. दहा मिनिटे थांबणे,” ते मोठ्यानं म्हणाले, मग “पाराला वळसा,” मग वही मिटून डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढे नेरळचा भाचा उभा राहिला. त्याला मी पाहिलाही नव्हता, तरी स्पष्ट दिसला.

तेवढ्यात मागचे गृहस्थ खाकरले.

“नागावच्याच साखरपुड्याला ना? मग बसलाव काय? मीबी तितंच चाललोय. मी रस्ता दावतो.”

शेठ मागे वळले. “तुमी कोन?”

“मुलीचा मामा.”

आत्यांनी पदर तोंडावर ओढला. तो नागाव येईपर्यंत खाली आला नाही.

शेठ स्वतः उतरून मागे गेले आणि मामांना पुढे बसवलं. मामा छत्रीनं दाखवत गेले, मी चालवत गेलो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी होत्या म्हणतात. मला छत्रीचं टोक तेवढं दिसलं. मला मनातून वाटत होतं की मामा आता मांडवात उतरतील, आत्यांचं बोलणं सगळ्यांपुढे सांगतील, साखरपुडा मोडेल आणि हे सगळं कशामुळे, तर मी एकदा ‘नाही’ म्हणालो नाही म्हणून.

मुहूर्ताला सात मिनिटं असताना आम्ही दारात पोचलो. मुलीचे वडील रस्त्यावरच उभे होते, चेहरा पांढराफटक. आमची वाट बघत असतील म्हणावं, तर ते बघत होते मामांची. मामा आल्याशिवाय काही सुरू करता येत नव्हतं. त्यांना पेणहून आणायला गाडी कुणी पाठवायची यावर दोन भावांचा घोळ झाला होता, आणि कुणीच पाठवली नव्हती.

मामा नवऱ्या मुलाकडच्या जीपमधून, पुढच्या सीटवरून उतरले. टोपी सारखी केली. चार माणसं जमू दिली. मग म्हणाले, “दाजी, तुमी गाडी नाय पाठवली. पन ह्या मानसांनी बगा, जीप पेणच्या स्टँडात घातली, वीस मिंटं खोळंबली आन् मला घेऊन आली. मुंडावळ्या बांधायच्या आदी ज्यांना मामाची आठवन ऱ्हाते, त्यांच्या घरात आपली पोर सुखात ऱ्हाईल.”

शेठ एक क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग अगदी सहज म्हणाले, “आता मामांना मागं टाकून कसं यायचं?”

साखरपुडा वेळेवर झाला. पंगतीत मामांचं पान पहिलं वाढलं गेलं. आत्यांनी स्वतः पुढे होऊन त्यांना आग्रह केला, दोनदा. मामांनी मला आपल्याशेजारी बसवलं.

परतताना मामा पेणपर्यंत आमच्याबरोबर आले. स्टँडाच्या बाहेर उतरले आणि काहीतरी विसरल्यासारखं करत माझ्या बाजूला आले.

“मला घ्यायला आत आला नव्हतास, ते मला ठावं हाय रं,” ते हळूच म्हणाले.

“मग तुमी तसं का सांगितलं, मामा?”

“मग काय सांगू? मला न्यायला कुनी आलंच नाय, मी भाड्याची समजून कुनाच्याबी जीपमधी चडलो, असं चारचौगांत सांगू?” त्यांनी छत्री काखेत मारली. “लग्नाला मातर खरंच ये.”

कर्जतला दारात उतरल्यावर शेठनी वही स्वतःकडे ठेवून घेतली आणि म्हणाले की उद्या आठला गिरणीवर ये. नोकरी मिळाली, असं मला दुसऱ्या दिवशी नऊ वाजता समजलं. तोवर वाटत होतं की बोलणी खायला बोलावलंय.

वैशाखात लग्न ठरलं, नागावलाच. आमचं वऱ्हाड भाड्याच्या गाडीनं आदल्या दिवशीच गेलं. माझ्याकडे एकच काम होतं. पेणला जायचं आणि मामांना मानानं घेऊन यायचं. शेठनी तीनतीनदा बजावलं होतं. काहीही झालं तरी मामांशिवाय यायचं नाही.

तोवर तो रस्ता मला खरोखरच पाठ झाला होता. मी पहाटेच निघालो, कुठेही न थांबता, पळसदरीवरून. सातच्या ठोक्याला पेणच्या स्टँडापाशी. साडेसात झाले. मामा नाहीत. आठ झाले. तीन वेळा माणसं जीपमध्ये चढून बसली, तीन वेळा मी त्यांना हात जोडून उतरवलं. साडेआठ. मी तोंडानं विचारायला लागलो बरं का, चक्क अनोळखी माणसांना, पांढरी टोपीवाले, छत्रीवाले गृहस्थ पाहिले का म्हणून. नऊ झाले. आजारी पडले की काय? पुन्हा रुसले की काय? कुणी काही बोललं की काय? मामा आले नाहीत तर मुलीला बोहल्यावर कोण आणणार, आणि हा ठपका कुणावर येणार?

शेवटी रिकामी जीप दामटत नागाव गाठलं. पोचलो तर मंगलाष्टकं चालू होती. मी माणसांच्या खांद्यावरून टाचा उंच करून बघितलं. अंतरपाटाच्या पलीकडे मुलगी उभी होती, आणि तिच्या मागे, नवी टोपी घालून, मामा.

अक्षता पडल्या आणि मी गर्दीतून त्यांच्यापर्यंत पोचलो.

“मामा, मी पेणला दोन तास तुमची वाट बगत हुतो. तुमीच म्हनाला हुता ना, लग्नाला खरंच ये?”

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मायेचा होता.

“म्हनालो हुतो रं पोरा. पन भाचीचं लगीन. उगा तुज्या भरवशावर कशाला ऱ्हायचं? मी पयल्या येष्टीनं आलो.”